काळा कोट, चौदाचा खांदा: प्रकल्प नोंदी (ठाणे, जून ते ऑक्टोबर २०२४)

९ जून, रविवार

नौपाड्यातली खोली आजपासून आपल्या ताब्यात. पूर्वी इथे शिकवणीचा क्लास चालायचा, त्यामुळे फळा आहे, पंखे आहेत आणि मालकीणबाईंनी एक लाकडी कपाटही तसंच ठेवलंय. कपाट रजिस्टर आणि पुस्तकांना चालेल. कोटांना दांडीच हवी. कोट घडी घालून ठेवला की खांद्याची बैठक मोडते आणि मोडलेली बैठक इस्त्रीने परत येत नाही. प्लंबरकडून जीआय पाइपचा तुकडा आणला आणि भिंतीला भिंत जोडून दांडी ठोकून घेतली.

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, कारण आत्ताच लोक "अच्छा, गरजूंना कपडे वाटप" म्हणू लागलेत. वाटप नाही. ज्यांनी वकिली थांबवली, ज्यांना जुना कोट आता होत नाही, ज्यांच्या घरी गेलेल्या माणसाचा कोट अजून खुंटीला आहे, त्यांच्याकडून कोर्टाचे कपडे घ्यायचे. ते नीट करायचे. आणि नुकती सनद (वकिलीचा परवाना) घेतलेल्या किंवा एलएलबीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींनी येऊन, घालून बघून, पसंत पडेल ते न्यायचं. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, भिवंडी, शहापूर, मुरबाड, जिथून कोणी येईल तिथून.

मी ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक होते. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसलं की समोर उभ्या राहिलेल्या वकिलाचा कोट आधी दिसतो, चेहरा नंतर. उसना कोट तर लगेच कळतो. बाही बोटांवर आलेली असते आणि वकीलपत्र पुढे करायच्या आधी ती दुसऱ्या हाताने मागे सारावी लागते. पुकारा झाल्यावर ज्या दोन सेकंदांत "मे इट प्लीज युवर ऑनर" म्हणायचं, ते दोन सेकंद बाही सारण्यात जातात.

फळ्याशेजारी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेच्या) पोशाख-नियमाचा मराठी गोषवारा चिकटवला. स्त्री वकिलांसाठी: काळं पूर्ण बाह्यांचं जॅकेट किंवा ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरे बँड (गळ्याशी बांधायच्या पट्ट्या) आणि गाऊन (कोटावर घालायचा काळा झगा), किंवा पांढरा ब्लाउज, बँड आणि वर पुढून उघडा काळा कोट. साडी किंवा लांब स्कर्ट चालतो, पांढरा, काळा किंवा सौम्य रंगाचा, छापाची नक्षी नसलेला. काळा किंवा पांढरा सलवार-कुर्ता वा चुडीदारही चालतो, दुपट्टा असो की नसो. गाऊन फक्त उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा, एरवी ऐच्छिक. उन्हाळ्यात ही दोन न्यायालयं सोडून काळ्या कोटाचीही सक्ती नाही. हे शेवटचं कलम बऱ्याच मुलींना माहीतच नसतं, आणि त्या मे महिन्यात टेरीविस्कोसच्या कोटात घामाघूम होऊन बसतात.

१६ जून, रविवार

पहिल्या पिशव्या आल्या. अपेक्षेपेक्षा जास्त आल्या, आणि अपेक्षेप्रमाणे जवळजवळ सगळे कोट पुरुषांचे.

दिवसभर निवडणी केली. काळा रंग एक नसतो हे दांडीवर शेजारी शेजारी टांगल्यावर कळतं. उन्हात वाळवलेला कोट तांबूस होतो, काही स्वस्तातले हिरवट होतात. नव्या काळ्या सलवारीवर हिरवट कोट फार विजोड दिसतो, म्हणून खिडकीच्या उजेडात प्रत्येक कोटाला काळ्या कापडाचा तुकडा लावून पाहिला. पाठीवर आणि कोपराला चकाकी आलेले बाजूला काढले. ही चकाकी बहुतेक वेळा कोरड्या गरम इस्त्रीची असते. कोट उलटा करून, वर ओला फडका टाकून इस्त्री फिरवली की थोडीफार उतरते. जिथे धागाच झिजलाय तिथे उपाय नाही.

डांबरगोळ्यांचा वास सगळ्यांनाच. पावसाची उघडीप मिळेल तशी गॅलरीत हवा द्यायची. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून काखेच्या अस्तरावर शिंपडलं की घामाचा जुना वास जातो, हा उपाय आमच्यातल्या एका वकीलबाईंचा.

काय घ्यायचं नाही तेही ठरलं: फाटलेलं अस्तर चालेल, भोक पडलेला कोट नाही. पिवळा पडलेला पांढरा ब्लाउज घेऊ, पण वापरलेले आतले कपडे, मोजे, टाचा झिजलेली पादत्राणं अजिबात नाही. एका पिशवीत मोरपंखी पैठणी ब्लाउज निघाले. देणाऱ्या बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "कोणाला तरी होतील की!" परत पाठवले. दुसऱ्याच्या कपाटाची साफसफाई करून देणं हा आपला उपक्रम नाही, हे फोनवर गोड बोलून सांगण्याची हातोटी मला अजून साधायची आहे.

एक सुंदर गाऊन आला. जड, नीट जपलेला, पण पदनामित ज्येष्ठ वकिलाचा. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १६ खाली ज्येष्ठ वकील नेमले जातात आणि त्यांच्या गाऊनचा घाट इतरांपेक्षा वेगळा असतो. ज्युनिअर मुलीने तो घालून उच्च न्यायालयात पाऊल टाकलं तर लोक वळून बघतील. देणाऱ्या कुटुंबाला कळवलं, त्यांनी आनंदाने परत नेला आणि बदल्यात दोन साधे गाऊन शोधून आणले.

२२ जून, शनिवार

टेलर मास्टर आले. किसननगरला त्यांचं दुकान आहे, हयात कोटांत गेलेली. त्यांनी दांडीवरून एक नजर फिरवली आणि गळ्यातली टेप काढायच्या आधीच म्हणाले, "बाई, पोट कमी होतं, लांबी कमी होते, बाही कमी होते. खांदा नाही होत."

मग समजावून सांगितलं, आणि ते इथे सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं काम यावरच अवलंबून आहे. बाजूच्या शिवणी आत घेणं सोपं. पाठीची मधली शिवण आत घेणंही जमतं. बाही मनगटाकडून आखूड करता येते, कारण बहुतेक कोटांची मनगटावरची बटणं नुसती शोभेची असतात, खाली काज नसतं, म्हणून बटणं काढून वर लावता येतात. पण खांदा कमी करायचा म्हणजे अस्तर उसवा, बाही काढा, पॅड काढा, मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल) नव्याने कापा, मग बाहीचा माथा त्या मुंढ्याच्या मापाने पुन्हा कापा आणि चुण्या न पडता बसवा. मुंढा मोठा राहिला तर हात वर करताना अख्खा कोट वर उचलला जातो. एवढं सगळं करायचं तर शिलाई नव्या कोटाइतकीच होते आणि हाती येतो तो जुनाच कोट.

आलेल्या कोटांचे खांदे मोजले. बहुतेक साडेसतरा, अठरा इंच. मुलींचे खांदे चौदा, साडेचौदा, फार तर पंधरा. एवढी तफावत पॅड काढून झाकली जात नाही.

म्हणजे दांडी भरलेली आणि कामाचे कोट थोडेच. बायकांना वकिली करायची मोकळीक इथे कायद्याने १९२३ साली मिळाली. त्याआधी नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या होत्या, तरी वकील म्हणून उभं राहायला त्यांना पुष्कळ वर्षं थांबावं लागलं. शंभर वर्षं उलटली, पण दुकानात "लेडीज कोट" मागितला तर अजूनही पुष्कळदा पुरुषांचाच लहान मापाचा कोट पुढे येतो. छातीला टक्स नाहीत, कमरेला आकार नाही.

मास्टरांशी बोलून तीन वाटा काढल्या. पहिली, स्त्री वकिलांकडूनच कोट मिळवायचे, त्यासाठी लेडीज बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या स्त्री वकिलांच्या खोलीत, बोलायचं. दुसरी, अकरावी-बारावीच्या मुलांचे काळे ब्लेझर. त्यांचे खांदे पंधराच्या आसपास असतात. खिशावरचा शाळेचा बिल्ला उसवल्यावर खालचं कापड आजूबाजूपेक्षा गडद दिसतं, तिथे खिशाला वरून नवी पट्टी लावायची. तिसरी, लहान मापांसाठी सरळ नवं कापड. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये काळं टेरीविस्कोस आणि अस्तर घाऊक भावात मिळतं, मास्टर मजुरी कमी घेतील. त्यासाठी पैसे लागतात. कोट द्यायला लोक हसत तयार होतात, अस्तराचे आणि शिलाईचे पैसे मागितले की "बघतो, कळवतो."

बटणांचा प्रश्न मीच काढला. पुरुषांच्या कोटात डावी बाजू वर येते, बायकांच्या कोटात उजवी. बदलायची का? मास्टर म्हणाले काज बुजवलं तरी खूण राहते, नका करू. नाही करत. इतकी वर्षं कोर्टात समोर बसून मला एकाही वकिलाचं बटण कुठल्या बाजूला होतं ते आठवत नाही.

१ जुलै, सोमवार

आजपासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू. याचा आपल्या कोटांशी संबंध असा, की लोक आता कपड्यांच्या पिशवीत भारतीय दंड संहितेची पुस्तकं टाकून देऊ लागलेत. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये, मग जुनं पुस्तक कशाला ठेवायचं, असा हिशेब.

पुस्तकं ठेवून घेतली. आजच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागणार, आणि ठाण्याच्या कोर्टात ते खटले अजून पुष्कळ वर्षं चालतील. ज्युनिअर मुलीला दोन्ही पुस्तकं लागतील. कपाटाचा वरचा खण त्यांना दिला.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस, गाड्या बंद. खोलीत पाणी नाही, पण भिंतीला ओल आली. दांडी भिंतीपासून वीतभर पुढे घ्यायला हवी. काळ्या कापडावर पांढरी बुरशी धरायला दोन दिवस पुरतात.

१३ जुलै, शनिवार

दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी, म्हणून पहिलं फिटिंग आज ठेवलं.

आधीचा वाद नोंदवून ठेवते. गटातल्या काहींचं म्हणणं होतं की उत्पन्नाचा दाखला मागावा, नाहीतर कोणीही येऊन नेईल. मी विरोध केला. तहसीलदार कचेरीत खेटे घालून मिळवलेला दाखला दाखवून सेकंडहँड कोट न्यायचा, ही कल्पनाच मला पटत नाही. ज्या मुलीला वीस हजारांचा कोट शिवून घेता येतो ती दुसऱ्याच्या कोटासाठी शनिवारी सकाळी नौपाड्यात कशाला येईल? सनदेचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र पुरे, असं ठरलं. रजिस्टरमध्ये नाव, मापं, काय नेलं. पत्ता नाही.

आरसा पूर्ण उंचीचा आहे, एका बंद पडलेल्या बुटिकमधून मिळाला. पडदा लावून कोपरा केला. मुली आल्या त्या आधी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मामलेदाराकडे कामाला आल्यासारख्या. कोणी दांडीला हात लावेना. मग शहापूरहून आलेली एक उंच, धीट मुलगी पुढे झाली, एक कोट चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हा नाही. ह्यात मी बेलिफ दिसते." सगळ्या हसल्या, आणि मग जी दांडीवर झुंबड उडाली ती दुपारपर्यंत.

मी टेबलाशी बसून लिहीत होते. मुली कोट घालून आधी काय करतात? आरशात बघतात ते नंतर. आधी हात वर करतात, मग पुढे, मग बसून बघतात. फाइल काखेत धरून बघणारीही एक होती. तिचं बरोबर आहे. दिवसभर काखेत फाइल असते, मुंढा तंग असला की संध्याकाळी खांदा भरून येतो.

आतल्या खिशाचं एवढं कौतुक होईल असं वाटलं नव्हतं. पुरुषांच्या कोटाला आत छातीशी खिसा असतो, बायकांच्या तयार कोटाला बहुधा नसतोच, आणि बाहेरचे खिसे नुसते दिसायला, वरून शिवून टाकलेले. "मॅडम, यात मोबाइल राहतो!" म्हणून एकीने दुसरीला दाखवलं आणि मग प्रत्येकीने आधी कोटाची आतली बाजू पाहिली. मास्टरांना सांगितलं: कोट आत घेताना आतला खिसा वाचवायचा, आणि नवे शिवाल त्यात न विसरता करायचा.

मुंब्र्याच्या मुलीला कोट लांब हवा होता, गुडघ्याच्या वरपर्यंत. पुरुषांचा लांब कोट तिला लांबीला बरोबर आणि खांद्याला अडीच इंच मोठा. तिच्यासाठी नवीनच शिवावा लागेल. नियमात लांबीचं बंधन कुठेच नाही. माप घेतलं.

दोघी काही न घेता गेल्या. एकीला बसणारा कोट नव्हता. दुसरीला बसत होता, पण तिला तो आवडला नाही. "पुढच्या वेळी बघते" म्हणाली. गटातल्या एक बाई मागून कुजबुजल्या, "फुकट मिळतंय तरी नखरे!" मला ते आवडलं नाही आणि मी तसं बोलले. जिला नाही म्हणता येतं तीच खरं निवडते. आणि कोर्टात उभं राहून नाही म्हणणं हाच उद्या तिचा धंदा असणार आहे.

३१ जुलै, बुधवार

काल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये जे लिहिलंय त्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्यांच्या बार कौन्सिलांना घेता येणार नाही. खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. आजवर निरनिराळ्या नावांखाली ही रक्कम राज्यागणिक हजारोंच्या घरात जायची.

आनंदाची बातमी, पण निकाल पुढच्या नोंदण्यांना लागू. आधी भरलेले पैसे परत नाहीत. मे महिन्यात सनद घेतलेली दिवा भागातली मुलगी संध्याकाळी बाही नीट केलेला कोट न्यायला आली होती. मावशीकडून उसने घेऊन पैसे भरलेले. "तीन महिने थांबले असते तर?" मी म्हटलं, "तीन महिन्यांच्या तारखा गेल्या असत्या." तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

आमच्यासाठी याचा अर्थ असा की शेवटच्या वर्षाच्या मुली आता पैशासाठी सनद लांबवणार नाहीत. दिवाळीनंतर गर्दी वाढेल.

१० ऑगस्ट, शनिवार

बँडचा दिवस.

कोटाची सगळे चर्चा करतात, बँडची कोणी करत नाही. पण कोट महिनाभर न धुता चालतो, बँड दोन दिवसांत मळतो. एकच बँड असलेली मुलगी रोज रात्री तो धुऊन पंख्याखाली टाकते, आणि जुलैत तो सकाळी ओलसरच असतो. म्हणून आपण प्रत्येकीला तीन देतो.

जुने पिवळे बँड काही उजळले, काही नाही. कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, रात्रभर भिजत, मग नीळ अगदी कमी, मग स्टार्च. क्लोरीनचं ब्लीच पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाला उलट पिवळं करतं, ते वापरायचं नाही. गळ्याला बांधायची इलॅस्टिक पट्टी मात्र सगळ्यांची सैल. त्यापेक्षा नवे शिवणं बरं. लोकमान्य नगरच्या बचत गटातल्या ताई शिवून देतायत, दोन पदरी पॉपलीन, आत कडक कॅनव्हास. मागे हूकऐवजी वेल्क्रो लावू का, असं त्यांनी विचारलं. नको. शांत कोर्टहॉलमध्ये वेल्क्रो उघडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

मुलींना सांगायची गोष्ट, आज दोनदा सांगावी लागली: बँड आणि गाऊन कोर्टाच्या आवाराबाहेर सार्वजनिक जागी घालायचे नाहीत, असा व्यावसायिक वर्तनाचा नियम आहे. लोकलमध्ये बँड घालून फोटो काढायचा मोह आवरा. त्यासाठी ताईंनी उरलेल्या कापडातून छोट्या सपाट पिशव्या शिवल्या, आत पुठ्ठा घातलेला, म्हणजे स्टार्च मोडत नाही. या पिशव्या आमच्या कोणाच्याही डोक्यात नव्हत्या, ताईंचीच कल्पना.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज एक वकीलबाई आल्या, सातवा महिना. चार वर्षांची प्रॅक्टिस, तशा त्या आमच्या 'नवोदित' व्याख्येत बसत नाहीत. कोटाची बटणं लागत नाहीत, आणि उघडा कोट घालून उभं राहिलं तर समोरचे वकील मुद्दाम काळजीच्या सुरात "मॅडम, तारीख घेऊ का?" विचारतात. त्यांना तारीख नको होती. पोटगीची केस होती, पक्षकार बाई दीड वर्ष थांबलेली.

मास्टरांनी त्यांचा स्वतःचाच कोट उलटा करून पाहिला. शिवून घेतलेल्या चांगल्या कोटाच्या बाजूच्या शिवणीत इंचभर माया (जादा कापड) सोडलेली असते. यात होती. दोन्ही बाजूंनी उसवून वाढवलं, तरी पुढे कमी. मग दांडीवरचा एक मोठा, कोणालाच न होणारा पुरुषी कोट उतरवला, त्याच्या पाठीचं कापड काढलं आणि बाईंच्या कोटाला दोन्ही बाजूंना काखेपासून खाली निमुळत्या पट्ट्या जोडल्या. खांदा त्यांचाच राहिला, म्हणून कोट बसला. बाळंतपणानंतर पट्ट्या काढून घ्या, म्हणाले मास्टर.

या निमित्ताने मोठ्या कोटांचा उपयोग सापडला. अठरा खांद्याच्या कोटाचं कापड, अस्तर, बटणं, आतला खिसा, सगळं सुटं करून वापरता येतं. देणाऱ्यांना हे सांगावं का यावर चर्चा झाली. एखाद्याच्या वडिलांचा कोट आपण कात्रीने कापतोय हे सांगायचं कसं? ठरलं की कोट घेतानाच विचारायचं: "अख्खा राहिला नाही तर चालेल ना?" ज्यांना चालणार नाही त्यांचा कोट नम्रपणे घ्यायचा नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणेश चतुर्थी. विसर्जन होईपर्यंत खोली बंद. मास्टर गावी.

२१ सप्टेंबर, शनिवार

इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थिनी आल्या. तीन वर्षांच्या एलएलबीला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते. त्यांना बँड नाही, बँड सनद मिळाल्यावर. काळा कोट, काळा टाय, पांढरा शर्ट. मुलींना काळा-पांढरा सलवार-कुर्ताही चालतो. टायची मागणी आमच्याकडे पहिल्यांदाच आली. टाय बांधायला त्यांना माझ्या नवऱ्याने शिकवलं, तो बिचारा डबा द्यायला आला होता.

यांना कोट कायमचा द्यायचा की मूट कोर्ट (कॉलेजातला सरावाचा खटला) आणि इंटर्नशिपपुरता उसना? मी उसना म्हणते. विसाव्या वर्षी शिवलेलं माप तेविसाव्या वर्षी बसत नाही, आणि सनद मिळाल्यावर तिला तिच्या मनाचा कोट निवडता यावा. उसन्या कोटांना कॉलरच्या आत लाल धाग्याचा टाका घालतो, म्हणजे परत आल्यावर ओळखू येतात.

एक अप्रिय प्रसंग. एका देणगीदारांनी नव्या कोटांच्या कापडासाठी बरी रक्कम देऊ केली. अट एक: कोट देतानाचा फोटो, मुलीसह, त्यांच्या फलकासमोर. रक्कम खरंच हवी होती, लहान मापांचे नवे कोट त्यावरच अडलेत. तरी नाही म्हटलं. उद्या ती मुलगी त्याच गृहस्थाच्या विरोधातल्या पक्षकाराकडून उभी राहील, आणि तो फोटो कुठूनतरी समोर येईल. ठाणे काही एवढं मोठं नाही. गटात सगळ्यांना पटलं असं नाही. खजिनदार तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतायत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बार कौन्सिल ऑफ इंडियाचं कालचं परिपत्रक: ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. शिफारस आहे, सक्ती नाही.

संध्याकाळी माप द्यायला आलेल्या मुलींसमोर मी ते वाचून दाखवलं, तर हशा पिकला. एकीला चार हजार मिळतात. एकीला पासापुरते. एकीला काहीच नाही, "शिकायला मिळतंय ना" या बोलीवर, आणि वर सीनियरच्या ऑफिसची झेरॉक्स तिच्या पैशाने. अशी मुलगी रोज शहापूरहून येते-जाते, डबा बांधते, आणि कोट, दोन पांढरे कुर्ते, काळे बंद बूट, बॅग हे सगळं पहिल्या महिन्यातच लागतं. पक्षकाराकडून स्वतःची पहिली फी मिळायला वर्ष जातं. पैसे नसतात त्याच काळात खर्च सगळा अंगावर येतो. आपला कोट त्यातली एक रक्कम तेवढी कमी करतो, जास्त काही नाही. हे मी अहवालात असंच लिहिणार आहे. "सक्षमीकरण" हा शब्द कोणीतरी मसुद्यात घातला होता, तो काढला.

बुटांचं काय करायचं ते सुटलेलं नाही. वापरलेले बूट आपण घेत नाही, नवे परवडत नाहीत. पावसात मुली प्लॅस्टिकच्या चपलांनी येऊन कोर्टात बूट बदलत, त्यामुळे एक जोड दोन पावसाळे टिकतो, एवढंच.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या आवराआवरीतून पिशव्यांचा लोंढा. पुन्हा साडेसतराचे खांदे. पण यात लेडीज बार रूममधून आलेले कोटही आहेत, त्यातल्या चौघीजणींनी स्वतःची मापं चिठ्ठीवर लिहून खिशात घातलीत: खांदा, छाती, बाही. एकीने खाली लिहिलंय, "डावा खिसा उसवलाय, मुद्दाम. पेन अडकायचं." मास्टरांनी दोन्ही खिसे तसेच ठेवलेत.

सध्याची स्थिती: मुंब्र्याच्या मुलीचा लांब कोट झाला, ती तो घेऊन गेली आणि मैत्रिणीला घेऊन परत आली, तिलाही तसाच हवाय. उच्च न्यायालयात सीनियरबरोबर जाणाऱ्या मुलींना गाऊन हवेत, गाऊन दोनच आहेत, ते फिरते ठेवलेत. एक बाहेर गेलेला असताना दुसरा कोणी नेला ते फळ्यावर लिहायचं, कारण रजिस्टर उघडून बघायचा कंटाळा सगळ्यांनाच आहे. फोटोवाल्या देणगीऐवजी दोन निवृत्त न्यायिक कर्मचाऱ्यांनी थोडे थोडे पैसे दिले, त्यात उल्हासनगरहून पाच-सहा कोटांचं कापड येईल.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. तोवर मास्टरांच्या दुकानात झेंडे आणि उपरण्यांची कामं आहेत, आणि ती रोखीची, त्यामुळे त्यांना अडवता येणार नाही. बचत गटाच्या ताईंना कोटाच्या बाजू आत घ्यायला शिकवायचं मास्टरांनी कबूल केलंय, दिवाळीनंतरच्या दोन रविवारी. शिलाई मशीन खोलीत एकच, दुसरं कोणाकडे पडून असेल तर विचारायचं. डाव्या भिंतीची ओल अजून आहे, मालकीणबाईंना वॉटरप्रूफिंगची आठवण करायची. २२ डिसेंबरला ऑल इंडिया बार एक्झाम (नव्या वकिलांची पात्रता परीक्षा) आहे, त्या आठवड्यात फिटिंग ठेवायचं नाही.